बधिरपणा किती वाजता उतरणार, ते विचारून ठेवा

प्रश्न: डॉक्टर, आमची झिपरी दोन वर्षांची आहे, वजन १२ किलो. पुढच्या आठवड्यात तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन ठरलंय. आमच्या आधीच्या कुत्रीचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा ती दिवसभर बरी होती आणि रात्र झाल्यावर जी कण्हायला लागली ती पहाटेपर्यंत. या वेळचे डॉक्टर म्हणाले, "भूल तर देणारच, शिवाय टाक्यांच्या जागी आणि पोटातही बधिरतेचं औषध सोडतो." पूर्ण भूल दिल्यावर पुन्हा जागा बधिर कशाला करायची? दोन-दोन औषधांनी तिच्या हृदयाला काही होणार नाही ना? बधिर झालेली जागा ती चावून ठेवेल का? ओळखीतले एक जण तर म्हणतात, थोडं दुखू द्यावं, म्हणजे कुत्रं उड्या मारत नाही. आणि रात्री लागलाच तर घरी फवारायला बधिरतेचा स्प्रे आणून ठेवू का?

उत्तर: डॉक्टरांना बिनधास्त हो म्हणा. जागा बधिर करायचं त्यांनी आपणहून सुचवलं, याचं मला बरं वाटलं. बऱ्याच ठिकाणी ते अजून विचारून करून घ्यावं लागतं. मात्र तुमची आधीची कुत्री रात्रभर का कण्हली, याचं उत्तर एकट्या या औषधात नाही. ते किती वाजता उतरतं आणि तोवर दुसरं कुठलं औषध कामाला लागलेलं असतं, यात आहे. त्याकडे येतोच, आधी तुमचा पहिला प्रश्न.

पूर्ण भूल दिली की कुत्रीला काही कळत नाही, हे खरं. पण कळत नाही ते मेंदूला. घरातला माणूस गाढ झोपला म्हणून दारावरची बेल वाजायची थांबत नाही. ब्लेड लागलं की त्वचेतल्या आणि स्नायूंतल्या नसा निरोप पाठवतातच, आणि तो मज्जारज्जूपर्यंत जातोच. ऑपरेशनभर हा मारा चालू राहिला की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होऊन बसतात. मग जाग आल्यावर नुसता हात लागला तरी दुखतं, आणि ते शमवायला वेदनाशामकही जास्त लागतं. बधिरतेचं औषध थेट नसेवर काम करतं. नसेतून संदेश पुढे सरकायला सोडियम आत शिरावं लागतं. ते ज्या वाटेने शिरतं तीच वाट हे औषध अडवतं. मॉर्फिनच्या जातीची औषधं वेदनेची तीव्रता कमी करतात, सूज उतरवणारी औषधं वेदना वाढवणारी रसायनं कमी करतात. निरोप मुळातच निघू न देणारं औषध मात्र हेच.

ऑपरेशनच्या टेबलावर याचा फरक चक्क डोळ्यांना दिसतो. पोटावर छेद देताना शांत असलेली कुत्री अंडाशय वर घेताना एकदम बदलते. अंडाशयाला शेवटच्या फासळीच्या बाजूला धरून ठेवणारा एक चिवट बंध असतो. तो बोटाने ताणून सैल केल्याशिवाय अंडाशय जखमेच्या तोंडापर्यंत येत नाही. त्या ताणासरशी मॉनिटरवरचे ठोके भराभर चढतात, श्वास जलद होतो, रक्तदाब वाढतो. कुत्री गाढ भुलीत असते, डोळ्याची पापणीही हलत नाही, आणि तरी शरीर सांगत असतं की हे दुखतंय. अशा वेळी भूल आणखी खोल करणं हा एक उपाय. पण खोल भूल म्हणजे रक्तदाब खाली आणि हृदयावर जास्त दडपण. जागा आधीच बधिर असेल तर भुलीचा वायू कमी लागतो. म्हणून दोन औषधांचा हृदयावर भार पडेल ही तुमची भीती मला कळते, पण नीट मोजून दिलं तर एकाने दुसऱ्याचा भार हलकाच होतो.

मोजून दिलं तर, हे शब्द मी मुद्दाम लिहिले. बधिरतेच्या औषधाचा धोका आहे तो मात्रेत आणि सुई कुठे जाते यात. बुपिवाकेन या बधिरतेच्या औषधाची कुत्र्यातली वरची मर्यादा साधारण किलोला २ मिलिग्रॅम धरतात. झिपरी १२ किलोची, म्हणजे सगळ्या जागा मिळून २४ मिलिग्रॅम. ०.५ टक्के औषधात दर मिलिलीटरला ५ मिलिग्रॅम असतं, तेव्हा झाले ४.८ मिलिलीटर. टाक्यांसाठी वेगळे ४.८ आणि पोटासाठी वेगळे ४.८, असं नव्हे, एकूणच तेवढे. लांब छेदाला ते पुरत नसेल तर डॉक्टर त्यात सलाईन मिसळून पातळ करतात, मात्रा वाढवत नाहीत. हे औषध रक्तवाहिनीत जाता कामा नये, म्हणून प्रत्येक वेळी सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं असतं. जास्त झालं तर आधी स्नायू फडफडतात, झटके येतात आणि पुढे हृदयाची लय बिघडते; भुलीत असलेल्या कुत्रीत झटके झाकले जातात आणि पहिली खूण हृदयाचीच दिसू शकते. त्यावर शिरेतून स्निग्ध द्रावण देण्याचा उपचार आहे. मात्रा मोजून भरणाऱ्याच्या हातून ही वेळ क्वचित येते. तुम्ही करायचं ते एकच: वजन अंदाजाने सांगू नका. त्या दिवशी सकाळी तिथल्या काट्यावर करून घ्या.

आता औषध नेमकं कुठे सोडतात. या ऑपरेशनात दुखणाऱ्या जागा तीन: पोटाच्या मध्यरेषेवरचा छेद, दोन्ही बाजूंना अंडाशय जिथून कापले ते देठ, आणि खाली गर्भाशय बांधून कापलं ते टोक. छेदाच्या रेषेत त्वचेखाली आणि स्नायूंच्या आवरणालगत बारीक सुईने औषध टोचतात. सुई मागे घेत घेत औषध सोडत गेलं की त्वचेखाली पेन्सिलीएवढा फुगवटा उठत जातो. काही जण हे छेद देण्याआधी करतात, काही शेवटी टाके घालताना. मला आधी करणं पटतं, कारण निरोप निघण्याआधीच वाट बंद होते. पण बुपिवाकेनला लागू व्हायला १० ते २० मिनिटं तरी लागतात, तेव्हा टोचून लगेच ब्लेड चालवलं तर आधी टोचल्याचा अर्थ फारसा राहत नाही. आतल्या जागांसाठी अंडाशयाच्या देठात थोडं टोचतात, किंवा पोट बंद करण्यापूर्वी तिन्ही टोकांवर औषध सोडून देतात. या पोटात सोडण्याच्या पद्धतीबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. काहींत वेदना स्पष्ट कमी दिसली, काहींत फारसा फरक पडला नाही. तरी जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या वेदनाविषयक मार्गदर्शिकेत, पहिल्या २०१४ च्या आणि सुधारलेल्या २०२२ च्याही, बधिरतेच्या औषधांवर भरपूर भर आहे, आणि कारण व्यवहारी आहे: ही औषधं स्वस्त असतात आणि मॉर्फिनच्या जातीच्या औषधांसारखी परवान्याच्या कचाट्यात सहसा अडकलेली नसतात. सोनोग्राफीच्या मदतीने पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणं, पाठीच्या कण्यात इंजेक्शन देणं हेही प्रकार आहेत. पण ठरलेल्या साध्या ऑपरेशनसाठी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला बेत चांगला आहे, तिथे तुम्ही हट्ट धरू नका.

हट्ट धरायचा तो वेळेबद्दल. बधिरतेचं दुसरं औषध लिडोकेन, म्हणजे तेच लिग्नोकेन, मिनिटांत लागू होतं आणि एक ते दोन तासांत संपतं. बुपिवाकेन सावकाश चढतं आणि साधारण चार ते सहा तास टिकतं, कधी आठपर्यंत. दोन्ही एकत्र केली की पटकनही चढेल आणि बराच वेळही टिकेल असं ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात टिकण्याची वेळ कमीच होते. तीन दिवसांपर्यंत हळूहळू सुटणारं बुपिवाकेनही निघालंय. कुत्र्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली, पण ते महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. तेव्हा झिपरीला साधं बुपिवाकेनच मिळेल असं धरू.

समजा सकाळी ११ वाजता औषध टोचलं. साडेअकरा-बाराला ऑपरेशन संपलं. दुपारी ती गुंगीत पण शांत. संध्याकाळी चार-पाचला तुम्ही तिला घरी नेता, ती शेपूटही हलवते, आणि सगळे म्हणतात, बघा, काही दुखत नाही. मग दिवेलागणीच्या सुमाराला तीन गोष्टी एकदम उतरतात: बधिरपणा, भुलीची गुंगी, आणि ऑपरेशनच्या आधी दिलेलं मॉर्फिनच्या जातीचं इंजेक्शन. तुमची आधीची कुत्री रात्री कण्हायला लागली, तिचं बहुतेक हेच झालं असणार. दवाखान्यात तिला दुखलं नाही, कारण तेव्हा सगळं चढलेलं होतं. घरी आल्यावर सगळं उतरलं आणि त्या जागी दुसरं काही चढलेलं नव्हतं.

ते दुसरं म्हणजे सूज आणि वेदना कमी करणारं औषध; मेलोक्सिकॅम, कारप्रोफेन, रोबेनाकॉक्सिब यांपैकी एक. याचं इंजेक्शन दवाखान्यातच, कुत्री घरी निघण्यापूर्वी झालेलं असलं पाहिजे, म्हणजे बधिरपणा संपेपर्यंत ते कामाला लागलेलं असतं. पुढे तीन ते पाच दिवस तेच तोंडावाटे. मेलोक्सिकॅम पहिल्या दिवशी साधारण किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि नंतर रोज ०.१ असं देतात, आणि तेही २४ तासांतून एकदाच. इथे घरोघरी होणारा गोंधळ सांगून ठेवतो: रात्री कुत्री कण्हते, घरच्यांना राहवत नाही, आणि उद्याचा डोस आजच दिला जातो. सकाळचं इंजेक्शन अंगात असताना हा दुसरा डोस पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडू शकतो. असं वाटलं तर डोस नका देऊ, फोन करा. डॉक्टर वेगळ्या जातीचं औषध जोडू शकतात. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, सध्या चालू असलेलं स्टिरॉइड, आधी कधी अशा गोळीने झालेल्या उलट्या, यांपैकी काहीही असेल तर आधीच सांगा. मग हे औषध तिला चालणारच नाही.

ट्रामाडॉलच्या गोळीवर मात्र भिस्त ठेवू नका. माणसात ती चालते कारण यकृत तिचं रूपांतर एका प्रभावी द्रव्यात करतं. कुत्र्याच्या शरीरात ते द्रव्य फारच कमी बनतं. गुंगी येते, कुत्री गप्प पडते, आणि आपल्याला वाटतं दुखणं थांबलं. मॉर्फिनच्या जातीतल्या ब्युटॉरफॅनॉलचंही थोडंफार तसंच आहे: शांत करायला छान, वेदनेवर कमजोर आणि तास-दोन तासांत संपणारं. त्याच जातीतलं ब्युप्रेनॉर्फिन सहा ते आठ तास जातं, म्हणून मला ते जास्त आवडतं.

म्हणून ऑपरेशनच्या दिवशी तिला न्यायला जाल तेव्हा कागद घेऊन जा आणि विचारा: बधिरतेचं औषध कुठलं आणि किती वाजता दिलं? सूज उतरवणारं इंजेक्शन झालं का, आणि पुढचा डोस उद्या किती वाजता? रात्री जास्त दुखलं तर कुणाला फोन करायचा? उत्तरं वेळेसकट लिहून घ्या. डॉक्टरांना वाईट वाटेल असं यात काही नाही. शेवटच्या प्रश्नाला जिथे "काही होत नाही हो" एवढंच उत्तर मिळतं, तिथे मी तरी माझी कुत्री देणार नाही.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचं मत जुनं आहे, आणि फार ठिकाणी ऐकू येतं. दुखलं म्हणजे कुत्रं शांत पडून राहतं, हे निरीक्षण म्हणून निम्मं खरं असेल, पण उपचार म्हणून वाईट. दुखणारी कुत्री धड झोपत नाही, खात नाही, सारखी जागा बदलते, जखम चाटते. वेदनेने अंगात ताणाची रसायनं वाढतात आणि जखम भरायला उशीर होतो. तिला आवरायचं असेल तर पट्टा आहे, दार आहे, छोटी खोली आहे. पलंगावर, सोफ्यावर चढू द्यायचं नाही, जिने उचलून न्यायचं. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांच्या मागून. पोटाखाली हात घालायचा नाही. हे १० ते १४ दिवस, म्हणजे टाके काढेपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती ठणठणीत वाटेल आणि नेमकी तेव्हाच घरची शिस्त ढिली पडेल, तेवढं सांभाळा.

बधिर जागा ती चावेल का? बधिरपणा टिकतो चार-सहा तास आणि त्यातला बराचसा वेळ ती पेंगतच असते. उलट बधिर जागेकडे तिचं लक्षच जात नाही. चाटणं सुरू होतं ते संवेदना परत आल्यावर, आणि नंतर जखम भरताना खाज सुटते तेव्हा. तेव्हा गळ्यातली शंकूसारखी कॉलर पहिल्या दिवसापासून टाके निघेपर्यंत. "बिचारी कशी दिसते" म्हणून रात्री कॉलर काढणाऱ्यांची कुत्री सकाळी उघडी जखम घेऊन माझ्याकडे येतात. बधिरतेच्या औषधाने जखम भरत नाही अशीही एक शंका लोकांना असते. नेहमीच्या मात्रेत टाक्यांची जखम त्यामुळे रखडते असं दिसलेलं नाही.

रात्री दुखतंय की नाही हे कसं ओळखायचं? कण्हण्यावर विसंबू नका. भूल उतरताना बरीच कुत्री दुखत नसतानाही कण्हतात, मान डोलवतात, आपल्याकडे बघूनही बघत नाहीत. ते भ्रमिष्टपण काही वेळात निवळतं. उलट काही कुत्री आवाजही न काढता सोसतात. ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली वेदनेची एक मोजपट्टी दवाखान्यांत वापरतात. तिच्यातली एक पायरी तुम्हालाही जमेल. आधी नावाने हाक मारा, डोक्यावरून हात फिरवा. मग टाक्यांपासून दोनेक इंच लांब, पोटाच्या कडेला दोन बोटांनी अगदी हलका दाब द्या. तिने वळून बघितलं आणि पुन्हा डोकं टेकवलं, तर ठीक. पोट दगडासारखं घट्ट केलं, झटकन उठली, गुरगुरली किंवा हातावर तोंड आणलं, तर दुखतंय. आडवं होताना पुन्हापुन्हा उठणं, पाठ कमानीसारखी वाकवून उभं राहणं, पुढचे पाय लांब करून मागचा भाग वर ठेवणं, थंड खोलीतही धापा टाकणं, या खुणाही ध्यानात ठेवा. शेपूट हलते म्हणजे दुखत नाही, असं मात्र समजू नका; आपल्या माणसाला बघून कुत्री दुखतानाही शेपूट हलवते. ती करू देत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ जखमेच्या बाजूला दहा मिनिटं धरल्याने आराम पडतो.

काही खुणांना मात्र वेदना समजून थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा: हिरड्या पांढऱ्या पडणं, पोट फुगत जाणं, उठताही न येणं, टाक्यांतून थेंब थेंब रक्त थांबत नसणं. तो आतला रक्तस्राव असू शकतो. गोळी सुरू असताना वारंवार उलट्या झाल्या किंवा शी काळी डांबरासारखी झाली, तर पुढची गोळी थांबवून फोन करा.

राहिला स्प्रे. आणू नका. बंद, शिवलेल्या त्वचेवर मारलेला फवारा खाली स्नायूपर्यंत पुरेसा पोचत नाही, म्हणजे जिथे दुखतं तिथे त्याचा उपयोग नाही. तिने चाटला तर जीभ आणि घसा बधिर होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. काही माणसांच्या स्प्रे-मलमांत बेंझोकेन असतं. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, आणि घरात मांजर असेल तर तिला हा धोका आणखी मोठा. तसंच घरच्या औषधाच्या डब्यातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉलला मनाने हात लावू नका. त्या रात्री घरात फक्त दवाखान्यातून दिलेलं औषध, वेळा लिहिलेला तो कागद आणि डॉक्टरांचा फोन नंबर एवढंच हाताशी ठेवा.